भाकरी आणि बोट

मिरजेच्या विसर्जन मिरवणुका ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. अनंत चतुर्दशीला निघालेले गणपती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी रस्त्यावरच असतात. १९९३ साली चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. मी बावीस वर्षांचा, सांगलीहून मित्रांबरोबर मिरवणूक बघायला गेलेलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मी कुठल्या तरी मंडळापुढं गुलालात न्हाऊन नाचत होतो. जमीन हलली असेल तर ती आमच्या पायांनीच, अशी आमची समजूत. घरी आलो तेव्हा आई म्हणाली, फडताळातली भांडी वाजली, मला वाटलं मांजर शिरलं. सातच्या बातम्यांत भूकंप झाल्याचं कळलं आणि किल्लारीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. नकाशात शोधलं तर सापडेना.

दुपारपर्यंत गल्लीत पोती फिरायला लागली. प्रत्येक घरानं दहा भाकऱ्या द्यायच्या, वर शेंगदाण्याची चटणी. आमच्या आईनं पंचवीस थापल्या. समोरच्या वाड्यातल्या काकूंचं आणि आईचं नळावरच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं. त्या दिवशी काकूंच्या घरचा गॅस संपला तसं त्यांनी पीठ आमच्याकडं आणलं आणि दोघी पाठीला पाठ लावून भाकऱ्या करत बसल्या. बोलल्या मात्र नाहीत. तांबड्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या त्या भाकऱ्यांची ऊब माझ्या मांडीला लागली ती अजून आठवते. रात्री मार्केट यार्डातला एक ट्रक निघाला, त्यात आम्ही सहा पोरं चढलो.

आता इथं थांबून म्हणता आलं असतं की तेव्हाची माणसं वेगळीच होती. माझ्या वयाचे लोक म्हणतातही. लग्नाच्या पंगतीत, कट्ट्यावर, बँकेतल्या रांगेत. मीही बरीच वर्षं म्हणत आलो.

सोलापूर, नळदुर्ग ओलांडून आम्ही दुसऱ्या दिवशी सास्तूरच्या अलीकडं अडकलो. पाऊस लागला होता आणि रस्त्यावर मदतीच्या गाड्यांपेक्षा बघ्यांच्या गाड्या जास्त होत्या. बायकापोरांसह जीप करून भूकंप बघायला आलेले लोक होते. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडलेले. कुणी काय काय पाठवलं होतं त्यात! बटणं तुटलेले सदरे, लग्नातला फाटका फेटा, नायलॉनच्या झिरझिरीत साड्या. सगळं गमावून उघड्यावर बसलेल्या माणसांनाही त्यातलं काही उचलावंसं वाटत नव्हतं. आमच्या अर्ध्या भाकऱ्यांना तोवर बुरशी धरली होती. त्या आम्ही गुपचूप बाजूला काढल्या.

सास्तूर गाव असं उरलंच नव्हतं. काळ्या दगडांच्या राशी आणि त्यातून वर आलेली लाकडं. त्या भागातली घरं माळवदाची. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर हात-दीड हात जाडीची पांढरी माती. दर पावसाळ्याआधी तिच्यावर नवा थर. भिंती दोन-अडीच फुटांच्या, दगडाच्या, पण दगड जोडलेले नुसत्या चिखलानं. हादऱ्यात ते सुटे होऊन आत कोसळले आणि वरची माती माणसांवर आली. आदल्या दिवशी गणपती पोहोचवून सगळा गाव गाढ झोपला होता. जे झोपडीत, पाल्याच्या छपराखाली होते त्यांतले बरेच वाचले आणि चिरेबंदी वाड्यांत होते ते गेले. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा. ५२ गावं पुढं पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली.

एका राशीवर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. धोतर, अंगात बंडी, एका हाताला बँडेज. मी त्याला पाणी दिलं. आणि मग मी, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा शहाणा, त्याला म्हणालो, "मामा, एवढ्या जाड भिंती कशाला बांधायच्या? हलकं बांधलं असतं तर माणसं वाचली असती."

त्यानं पाणी संपवलं. तांब्या पालथा केला. मग म्हणाला, "उन्हाळ्यात या कधी. मग कळंल कशाला." थोड्या वेळानं आपणहून पुढं बोलला, "आजा सांगायचा, रझाकाराच्या वख्ताला याच भिंतीनं वाचिवलं."

एवढंच. रागावला नाही. नंतर कळलं की त्याच्या घरातली चार माणसं त्याच राशीखाली होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. भाकऱ्यांची गोष्ट शंभरदा सांगितली, ही नाही.

पुढं नोकरीत भूकंपाबद्दल थोडं वाचावं लागलं, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. १९९३ सालच्या भूकंपाच्या नकाशात लातूर-उस्मानाबादचा तो पट्टा देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. नकाशा बदलला २००२ साली. म्हणजे मी त्या माणसाला जे विचारत होतो त्याचं उत्तर माझ्या पुस्तकांतही नव्हतं. किल्लारीत १९९२च्या पावसाळ्यापासून बारीक हादरे बसत होते. काही दिवस लोक घाबरून बाहेर झोपले, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि वर्षभरात सवय झाली. कुठलाही माणूस किती दिवस अंगणात झोपेल?

सांगलीला परतलो तेव्हा कट्ट्यावर भूकंपाची उलटतपासणी चालू होती. "हादरे बसत होते तर गाव का सोडलं नाही?" "तिकडचे लोक आळशी हो, म्हणून दगड मातीत लावले, सिमेंट नको म्हणाले." कुणी पापाचा हिशेब काढत होतं. म्हातारी माणसं त्यात तरबेज. आमची आजी कोयनेचा भूकंप सांगायची. ११ डिसेंबर १९६७ची पहाट, कोयनानगर पडलं तो. नदीला एवढं अडवलं, मग ती गप्प बसेल का, हा तिचा निकाल. आम्ही हसायचो. शास्त्रज्ञांनीही कोयनेचे हादरे शिवसागर जलाशयाशी जोडलेत हे मला पुढं कळलं तेव्हा आजी हयात नव्हती, नाहीतर तिला सहन करणं अवघड गेलं असतं. आजी निदान धरण बांधणाऱ्यांना बोल लावत होती, कोयनानगरच्या चाळीत झोपलेल्यांना नाही.

आणि पाप काढणारे काही आमच्या आळीतलेच नव्हते. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा खुद्द गांधीजी म्हणाले होते की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी त्याला लेखी विरोध केला आणि गांधीजींनी तो विरोध आपल्या ‘हरिजन’मध्ये छापलाही. गांधीजींचा हेतू मोठा होता हे खरं. पण त्या ढिगाऱ्यांखाली ज्यांना शिवू दिलं जात नव्हतं तेही गाडले गेले असणारच की.

तर ‘तेव्हा कुणी दोष देत नव्हतं’ हे साफ खोटं आहे. दोष देत होतो, भरपूर. पण आमच्या कट्ट्यावरचं बोलणं सांगलीच्या कट्ट्यावरच राहायचं. सास्तूरला जायची ती भाकरी. मधे अडीचशे-तीनशे किलोमीटरचा रस्ता होता, ट्रंक कॉल लागत नव्हता, आणि ज्याच्याबद्दल आम्ही वाट्टेल ते बोलत होतो त्याला ते ऐकू जायची काही सोय नव्हती. त्याचं नशीब. माझ्यासारखा एखादा गाढव ते तोंडावर म्हणायला ट्रकमधून जायचा तेवढाच अपवाद.

ऐकू न जाण्याची ही सोय गेली ते मला २०१९च्या ऑगस्टमध्ये गच्चीवर बसून कळलं.

आमचं घर गावभागात, आजोबांनी बांधलेलं. सांगलीत पूर मोजायचा तो आयर्विन पुलाशी. पूल १९२९चा. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. पाऊस आमच्याकडं पडावाच लागत नाही, महाबळेश्वर-कोयनेकडं पडला की पुरे. पलीकडं त्याच जिल्ह्यातल्या जत-आटपाडीत पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते आणि इकडं कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढत होती. २००५ साली पाणी ५३ फूट ९ इंचांवर गेलं तेव्हा आमच्या माजघरात गुडघाभर आलं होतं. वडिलांनी भिंतीवर कोळशानं रेघ मारून तारीख लिहून ठेवली. वडील गेले, भिंतीला तीनदा रंग दिला, रेघ मात्र प्रत्येक वेळी जपली. गावभागात अशा रेघा घरोघरी आहेत. ती आमची वेधशाळा.

तेव्हा या खेपेला पाणी वाढतंय म्हटल्यावर आम्ही काय केलं? त्या रेघेच्या वर सगळं चढवलं. धान्याचे डबे टेबलावर, गाद्या पलंगावर, कपाटातल्या फायली वरच्या कप्प्यात. २००५च्या वर काही जात नाही, असं शेजारी म्हणाले, मीही म्हणालो. पाणी ५७ फूट ओलांडून गेलं. पावणेचार फूट जास्त. टेबल तरंगायला लागलं तेव्हा आम्ही शेजारच्यांच्या गच्चीवर होतो. मी, बायको, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, आणि आणखी तीन घरांतली माणसं. एकूण सतरा जण आणि एक कुत्रं.

दिवे गेलेले. फोनमध्ये बारा टक्के चार्जिंग. बोटीचा नंबर लागतोय का बघायला म्हणून फोन उघडला तर शाळेच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर दीडशे निरोप. हे माझे बाकावरचे दोस्त. कुणी पुण्यात, कुणी बंगळूरला, दोघं अमेरिकेत. सुरुवातीला हात जोडलेली चित्रं. मग एकानं पूररेषेचा नकाशा टाकला होता. निळी रेषा, लाल रेषा. पंचवीस वर्षांचा पूर, शंभर वर्षांचा पूर. खाली मजकूर, नदीच्या पात्रात घरं बांधायची आणि मग सरकारच्या नावानं रडायचं. त्याखाली अकरा अंगठे. एकानं लिहिलेलं, "२००५ला अक्कल आली नाही का?" त्याखाली हसरे चेहरे. माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. मी तिथं गच्चीवर आहे हे त्यांच्या लक्षातही नसणार. मला त्यांचा राग येण्याआधी तो पालथा केलेला तांब्या आठवला.

लिहिणार होतो की हे घर तुमच्या रेषांच्या आधीचं आहे रे. रेषा काल आखल्या, गावभागात वस्ती पटवर्धनांच्या काळापासूनची. पण अकरा टक्के झाले होते. फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळला लोकांना काढणारी बोट उलटली. सतरा जीव गेले, बायका आणि लेकरंही. ती बातमी बघता बघता ‘बोटीत क्षमतेपेक्षा जास्त बसलेच का’ इथवर आली. येरळा आणि कृष्णा दोन्ही बाजूंनी चढताहेत, गावाला मदतीची बोट मिळत नाही, ग्रामपंचायतीच्या बोटीत पोर पुढं करून आई चढते, तिनं आधी क्षमता विचारायची असते! मराठीत ‘बोट’ हा एकच शब्द दोन्हींना आहे, हाताचं आणि पाण्यातलं. त्या आठवड्यात हातांची बोटं सगळीकडं वेळेवर पोहोचत होती.

असं बोलणाऱ्यांना मी दुष्ट मानत नाही. त्यांतल्या एकानं पुढं मुकाट्यानं माझ्या खात्यात वीस हजार टाकले आणि कुणाला सांगू नको म्हणाला. मला वाटतं, माणूस घाबरतो. चार मजली इमारतीत, नदीपासून लांब बसून तो ते पाणी बघतो आणि स्वतःला समजावतो, यांनी काही तरी चूक केली, मी ती करणार नाही, मला काही होणार नाही. पूर्वी हेच काम ‘पूर्वजन्मीचं पाप’ करायचं. आता ते पूररेषा, लोभ, अडाणीपणा असे शब्द करतात, आणि ते शास्त्रीय वाटत असल्यामुळं म्हणणाऱ्याला लाजही वाटत नाही. बरं, प्रश्न विचारूच नयेत असं थोडंच आहे. सांगलीत ओढ्या-नाल्यांवर भर टाकून प्लॉट पाडले गेले, त्यांना मंजुऱ्या मिळाल्या, कुणी तरी सह्या केल्या. त्यांची नावं विचारा ना. पण तिथं प्लॉट घेऊन आयुष्याची पुंजी घातलेल्या शिक्षकाला, तो पत्र्यावर उभा असताना?

गच्चीवर तिसऱ्या दिवशी खाणं आलं. खाली बोटीतल्या पोरांनी दोरीला पिशवी बांधून दिली. पाकिटावर पुढाऱ्याच्या फोटोचं स्टिकर असेल या तयारीनं मी उघडली, त्या दिवसांत तेही चाललं होतं. निघाल्या भाकऱ्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, कडक झालेल्या, सोबत चटणीची पुडी. आईनं एक मोडून वास घेतला. वरच्या दोन तिनं बाजूला ठेवल्या, नेमक्या तशाच जशा मी सास्तूरच्या अलीकडं ठेवल्या होत्या. मग तिसरी चावत म्हणाली, "मालदांडी आहे. मंगळवेढ्याकडची असणार. थापणारीचा हात चांगलाय."

कुणी पाठवल्या ते कळलं नाही. आईला त्यात रस नव्हता, तिला भाकरीचा काठ बघून बाईचा अंदाज घ्यायचा होता.

पाणी ओसरल्यावरचं सांगत बसत नाही, ज्यांच्या घरात शिरलंय त्यांना माहीत आहे. गाळाला एक वास असतो, तो भिंतीतून वर्षभर जात नाही. पंचनाम्याला आलेला कर्मचारी भला होता, पण त्याच्यापुढचा छापील कागद भला नव्हता. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात होतं का, याला पुरावा काय? सरकारनं आधी धान्यवाटपाला तशीच दोन दिवसांची अट घातली होती, त्यावरून गदारोळ झाला होता. मी भिंतीवरचा ओलाव्याचा पट्टा दाखवला. त्यानं फोटो काढला आणि संकोचानं विचारलं, "आधीच्या पुराची ही रेघ दिसतीय, तरी सामान खालीच ठेवलं होतं का?" मी त्याला टेबल दाखवलं. पाय वर करून कोपऱ्यात पडलं होतं.

त्याच दिवशी मराठवाड्याकडच्या कुठल्या तरी कॉलेजची आठ-दहा पोरं आमच्या बोळात शिरली, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, फावडी-घमेली घेऊन. नाव-गाव विचारायला वेळ झाला नाही. त्यातला एक किडकिडीत मुलगा दारात उभा राहिला आणि त्या पंधरा दिवसांत मला कुणी विचारलेला सर्वांत शहाणा प्रश्न त्यानं विचारला, "काका, हा गाळ कुठं टाकू?"

आता माझं वय बावन्नच्या पुढं आहे. माळीणचा डोंगर २०१४च्या ३० जुलैला खाली आला, दीडशेवर माणसं गाडली गेली, तेव्हा इतर अनेकांबरोबर मीही म्हणालो होतो की या लोकांनी पडकईसाठी यंत्रं लावून उतार खणले, मग काय होणार. पडकई म्हणजे डोंगरउतारावर पाडलेली भाताची खाचरं, हेही मला त्या आठवड्यातच कळलं होतं. पण तेव्हा मी गच्चीवर बसून आलेलो नव्हतो, असं म्हणायला जागा होती.

२०२३च्या जुलैत ती जागा नव्हती. १९ तारखेच्या रात्री इर्शाळवाडीवर कडा कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर ती चढणीची पायवाट दाखवत होते, यंत्र वर जाऊ शकत नव्हतं, धुक्यात माणसं कुदळी-फावडी घेऊन रांगेनं चढत होती. इर्शाळगडाच्या उतारावरची ती ठाकरांची वाडी, दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत तिचं नावही नव्हतं. ते पुढं समजलं. त्या क्षणी मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, "पण एवढ्या वर, कड्याखाली राहायचंच कशाला?"

बायकोनं उत्तर दिलं नाही. कोयनेच्या पाणलोटात पाऊस लागला होता आणि आमच्याकडं आता दर जुलैला जे चालतं ते तिचं चाललं होतं. फायली, गाद्या, गव्हाचं पोतं, एकेक वर. स्टुलावर उभी राहून तिनं तांदळाचा डबा माझ्याकडं दिला, कारण माझा हात माळ्यापर्यंत पोचतो.

"हे जरा मागं सरकवा," ती म्हणाली.